बाळाच्या आवाजामागे

"ऐक, आणि ऐकून गप बस," एवढंच म्हणून आबांनी टोपीच्या घडीतून एक मेमरी कार्ड काढलं, ईश्वरीच्या तळहातावर ठेवलं आणि ते तोंड धुवायला मोरीत गेले.

आबा एसटीत ड्रायव्हर, लांबच्या मुक्कामाच्या गाडीवर. वाटेत लागणाऱ्या कुठल्यातरी एका स्टँडवर, चहाच्या गाड्यामागं, कधीमधी एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून उभा असायचा. तो ईश्वरीचा दादा, सूरज. स्टँड कुठलं, हे आबांनी तिला कधीच सांगितलं नाही. तिनं विचारून बघितलं, भांडून बघितलं, जेवणावर रुसून बघितलं. आबांचं उत्तर ठरलेलं. "तुझ्या पोटात काय राहतं का?"

राहत नव्हतंच. नववीत शाळा सुटली तीसुद्धा तोंडामुळंच. मास्तरांनी एका पोरीच्या घरातली भानगड वर्गात काढून सगळ्यांना हसवलं, तर हिनं उठून मास्तरांच्याच घरातली काढली. दप्तर उचलून निघाली ती परत गेलीच नाही.

सूरजनं लग्न केलं होतं शर्वरीशी, आणि शर्वरी म्हणजे संग्रामभाऊंची बहीण. संग्रामभाऊ असा माणूस, की त्याच्या फोटोखालून गेल्याशिवाय त्या तालुक्यात बाजाराला जाता येत नाही. जात वेगळी, पैसा वेगळा, वर पळून जाऊन लग्न. तो ईश्वरीच्या घरी आला होता. चप्पल बाहेर काढून आत बसला, दिलेलं पाणी प्यायला, मग म्हणाला, "आबा, सापडले की दोघांना एकाच खड्ड्यात ठेवतो. वेगळं करणार नाही, शब्द आहे माझा." ओरडला असता तर एवढी भीती वाटली नसती.

ईश्वरीनं कार्ड फोनात घातलं आणि फोन कानाला लावला.

आधी काहीच नाही. मग एक श्वास. मग "अं... ग्गू" असं काहीतरी, ओलं, नुकतंच जगात आलेलं. मधेच उचकी. आपल्याच उचकीला दचकून थांबणं. मग परत "ग्गू".

"मुलगी आहे," मोरीतून आबा म्हणाले. "नाव तू सांगायचंस. आत्याच ठेवते."

बारसं म्हणजे पाळणा, घुगऱ्या, बायकांचा कालवा. आत्या वाकते, बाळाच्या कानात नाव सांगून कुर्रर्र करते, आणि मागच्या बाया तिच्या पाठीत धपाधप घालतात. ईश्वरीनं रेकॉर्डिंग सुरू करून फोन तोंडाशी धरला, भिंतीकडं वळून वाकली, नाव सांगितलं, कुर्रर्र केलं. नाव काय ते इथं सांगत नाही, ते त्या बाळाचं आहे. मग ती थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. पाठीत घालायला कुणी नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि आबा आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून श्वाससुद्धा रोखून बसलेले.

"तुझ्या फोनात उतरलेलं पुसून टाक," सकाळी कार्ड टोपीत घालताना ते म्हणाले.

"पुसलं," ती म्हणाली. पुसलं नव्हतं.

दिवसभर ती निसारचाचांच्या फ्लेक्सच्या दुकानात असायची. जग पुढं गेलं, चौकाचौकात बोलणारे पडदे आले, तरी वाढदिवसाला माणसाला फ्लेक्सच लागायचा. पडदा लाइट गेली की मरतो, फ्लेक्स भर पावसात हसत उभा राहतो, असं चाचांचं म्हणणं. ईश्वरीचं काम लोकांची तोंडं कापायचं. लग्नाच्या फोटोतून तोंड उचलायचं, मागची बायको-पोरं पुसायची, पांढरा शर्ट चढवायचा, खाली शुभेच्छुकांची टिकलीएवढी तोंडं चिकटवायची. कुणाचा वाढदिवस कधी, फोन नंबर काय, कोण कुणाच्या मागं फिरतो, सगळं गावानं आपणहून चौकात टांगलेलं.

आणि घरी आली की कुणी नाही. आबा आले तरी झोपायला यायचे. मैत्रिणी शाळेबरोबर सुटल्या. राहता राहिला फोन. 'चौकातली ईशी' नावानं ती व्हिडिओ टाकायची, फ्लेक्सवरच्या माणसांच्या नकला. लोक हसायचे. पण हल्ली हसणारे कमी आणि 'हे खोटं आहे' म्हणणारे जास्त झाले होते.

कारण तोवर कशावरच कुणाचा विश्वास उरला नव्हता. यंत्रानं बनवलेली माणसं, यंत्रानं बनवलेलं रडणं, मेलेल्या आजोबाचा नातवाला फोन. खरं काय ते डोळ्यांना कळेना, कानांना कळेना. मग कुणाच्यातरी डोक्यात आलं, की विजेलाच विचारावं.

आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. पन्नास हे कागदावर. खरं तर कधी केसभर कमी, कधी केसभर जास्त. सगळीकडं एकदम पंप सुरू झाले की ती दमते, बंद झाले की हलकी होते. ही तिची धाप ट्यूबलाइटमधून, पंख्यातून, फ्रिजमधून बारीक गुणगुण होऊन बाहेर पडत असते. आपल्याला ती ऐकू येत नाही, कारण जन्मल्यापासून कानातच आहे. फोनला मात्र येते. घरात केलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाशी ती बसलेली असते, भांड्याच्या बुडाशी गाळ बसावा तशी. आणि आत्ताची धाप मघाच्या धापेसारखी कधीच नसते. कुठल्या क्षणी वीज कशी धापत होती, याची नोंद वीजवाल्यांकडं असते. रेकॉर्डिंगमधली गुणगुण त्या नोंदीशी जुळली तर आवाज खरा. यंत्रानं बनवलेल्या आवाजात गुणगुण नसते, नाहीतर असते ती कुठल्याच दिवसाची नसते. जुळलं की व्हिडिओवर हिरवा शिक्का उमटायचा, 'अस्सल'.

इथवर बरं होतं. मग घरोघरी नवे मीटर बसले, आणि ते गुणगुणीतले बारीक ओरखडेसुद्धा टिपायला लागले. धाप देशभर एकच, पण ओरखडे गल्लीगल्लीचे वेगळे. खांबावरच्या एखाद्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पिठाची गिरणी असते, एखाद्यावर डेअरीचा कूलर, एखाद्यावर नुसते पंपच पंप. त्यामुळं प्रत्येक डीपीची गुणगुण अंगठ्याच्या ठशासारखी निराळी. ही नोंद सगळ्यांना खुली झाली आणि कुणीतरी शिक्क्याचं गणित उलटं फिरवलं. आवाज घाला, गल्ली काढा. त्या ॲपचं नाव 'ठावठिकाणा'. लोकांनी त्यावर हरवलेली म्हातारी माणसं शोधली, फसवणारे फोनवाले शोधले, दुसऱ्याशी लग्न झालेली जुनी प्रेमंही शोधली. आवाज एवढासा असला तर ते नुसता मुलूख सांगायचं. लांबलचक मिळाला की थेट डीपी. कंपन्या छातीवर हात ठेवून म्हणायच्या, आम्ही तुमचा पत्ता कुणाला देत नाही. खरंच देत नव्हत्या. पत्ता लोकच देत होते, ट्यूबलाइटसकट.

बाळाचा आवाज ईश्वरीनं इतक्यांदा ऐकला, की उचकी कुठं लागणार ते पाठ झालं. पण पाठ झालेलं म्हणून कुणाला दाखवणार? चाचांना सांगायची सोय नव्हती, दुकानात संग्रामभाऊंची पोरं कायम पडीक. शेजारणीला सांगावं तर दुपारपर्यंत गावाला कळलं असतं. सांगायचं म्हणून नुसतं घशाशी येऊन बसलं होतं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं तळहातावर मेंदीनं एवढुसं पाऊल काढलं, हात कॅमेऱ्यासमोर धरला, मागं त्या आवाजातलं एकच 'ग्गू' लावलं. खाली लिहिलं, 'आत्या झाले'. नाव नाही, गाव नाही, तोंड नाही. टाकून दिलं.

पहिलं उत्तर 'परीची मम्मी' नावाच्या खात्यावरून आलं. फोटोत गुबगुबीत बाळ.

"कुठल्या ॲपनं बनवलंस ग? आमच्या परीला पण बहीण पाहिजे."

"बनवलेलं नाही. खरी भाची आहे माझी."

"मग शिक्का का नाही? एवढुशा आवाजाला शिक्का मिळत नसतो म्हणून एवढुसाच टाकलास. हुशार आहेस."

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय ग. बिचारीला कुणी नसेल, म्हणून भाची बनवून घेतली."

शेवटची ओळ तिनं परत वाचली. खाली दुसऱ्यांचे हसरे चेहरे यायला लागले होते.

आता ती काही आंधळी नव्हती. डोकं सटकलं तरी डोळे-कान तिचे ताळ्यावर असायचे. सगळा आवाज तिनं परत लावला आणि श्वास धरून ऐकला. कुणी कुणाला हाक मारलेली नाही. देवळाची घंटा नाही, बांग नाही, भाजीवाला नाही, गाडीचा हॉर्न नाही. दादाचा आवाज नाही. कुत्रंसुद्धा भुंकलेलं नाही. नुसतं बाळ, आणि बाळाच्या मागं काही नाही.

तिनं सगळाच्या सगळा टाकला.

बघता बघता हिरवा शिक्का उमटला. 'अस्सल'. बदाम पडायला लागले, अनोळखी बायका बाळाची दृष्ट काढायला लागल्या. "घ्या," असं तिनं परीच्या मम्मीला लिहिलं. पण पाठवायला गेली तर ते खातंच जागेवर नव्हतं.

तिला वाटलं, लाजली.

संग्रामभाऊ स्वतः दुकानात कधी येत नसे, पोरांना पाठवायचा. दुसऱ्या दिवशी स्वतः आला. संध्याकाळी त्याच्या वाढदिवसाचा केक होता आणि चौकातला मोठा फ्लेक्स अजून छापायचा होता. तो ईश्वरीच्या खुर्चीमागं उभा राहून पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडं बघत राहिला.

"चाचा, ह्यातला गॉगल काढा. डोळे दिसत नाहीत."

"भाऊ, तुम्हीच म्हणला होता गॉगल पायजे."

"म्हणलो असेन. आता नको." मग तशाच आवाजात, "आत्याबाई, पेढे कुठायत?"

ईश्वरीच्या हातातला माउस थांबला. "कसले?"

"परीच्या मम्मीला एवढं भांडून सांगितलंस, आणि आम्हाला कसले म्हणतेस व्हय?" पोरं हसली. तो हसला नाही. "आवाज छान आहे. उचकी लागते सारखी. थंडी वाजत असणार तिला. त्या भागात थंडी असते."

चाचांनी मशीन बंद केलं. "चहा सांगू का भाऊ?"

"नको. आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर काढतात, चाचा. तुमच्यात?"

"आमच्यात बी काढत्यात केस. अकीका म्हणत्यात."

"बघा. केस कुठंबी काढावेच लागतात." त्यानं ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला, थोरल्या भावानं ठेवावा तसा. "आज आमदार यायचेत केकला, आज काही जमत नाही. उद्या सकाळी निघतो. तू ये म्हणलं असतं, पण गाडीत जागा नाही."

हे सगळं तिला सांगायची त्याला काही गरज नव्हती. पण सांगितल्याशिवाय त्या माणसाला काही केल्यासारखंच वाटायचं नाही.

तो गेल्यावर ती मशीनमागच्या कोपऱ्यात, शाईच्या वासात, उकिडवी बसली आणि 'ठावठिकाणा' उघडलं. बाळाचा आवाज घातला. नकाशावर आधी अख्खा कापसाचा मुलूख उजळला, मग एक तालुका, मग एक गाव, मग गावाबाहेरच्या जिनिंगजवळचा एक खांब. सरकी वेगळी करणाऱ्या मोटारी त्या डीपीवर होत्या, त्यांचा ओरखडा लपणारा नव्हता. बाळाच्या मागं काही नाही म्हणून जे तिनं टाकलं होतं, त्यात हे होतं.

खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. दादा इथं राहतो. ही गल्ली, हे पत्रे, ह्या लिंबाखालून तो कामावर जात असणार. आबांनी एवढे दिवस दाबून ठेवलेलं तिच्या तळहातावर आलं होतं. तिनं बोटांनी नकाशा मोठा केला, अजून मोठा केला. आणि मग बोटं थांबली. हेच ठिकाण संग्रामभाऊंच्या फोनात कालपासून होतं.

दादाकडं स्वतःचा फोन नव्हता, बाळाचा आवाजसुद्धा कुणाच्यातरी फोनावर भरून घेतलेला. आबांचा गाडीवर असताना बंद. पोलिसात जावं, तर चौकीबाहेरच्या पाणपोईवरसुद्धा संग्रामभाऊंचंच तोंड, आणि ते तिनंच कापलेलं.

"जा," चाचा म्हणाले. त्यांनी काही विचारलं नाही. ऐकलं होतं सगळं. "पोरं आली तर ताप आलाय म्हणून सांगतो. आणि ईश्वरी, त्या डबड्यात बघायचं ते बघ. टाकू मात्र काय नको."

रात्रभर आणि मग दुपारपर्यंत, बसमध्ये तिनं नुसतं बघितलं. संग्रामभाऊंच्या पोरांनी टाकलेले फोटो एकाहून एक. तलवारीनं केक कापताना. केक आमदारांच्या तोंडात, पोरांची तोंडं गाडीच्या आरशात. सकाळी 'भाऊंसोबत दौरा', दोन काळ्या गाड्या, नंबरसकट. मग टोलनाका. मग मिसळीच्या ताटांवर वाकलेली डोकी, मागं हॉटेलची पाटी. हाच माणूस दुसऱ्याच्या घरातल्या गुणगुणीवरून माग काढत निघाला होता, आणि स्वतःचा प्रत्येक घास जगाला दाखवत निघाला होता. ईश्वरी प्रत्येक फोटो बघून मनातल्या मनात अंतर मोजत होती. ती पुढं होती. फार नाही, पण पुढं होती.

गावात उतरली तर हवेत कापसाचे धागे तरंगत होते. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत एक बाई भांडी घासत होती.

"कोणाकडे आली वो पोरी?"

"बाळ आहे ना एक, लहान. त्यांच्याकडं."

"शेवटची खोली. तुमच्याकडचेच दिसते ते, बोलण्यावरून." बाई हसली. "पावनेच येत नाही कोणी त्यांच्याकडे. बरं झालं आली."

दार शर्वरीवहिनीनं उघडलं. ईश्वरीला बघून तिचं तोंड आधी उजळलं, मग उंबऱ्याबाहेर दोन्ही बाजूंना नजर गेली. कडेवर बाळ होतं. ईश्वरीनं हात पुढं केले आणि वहिनीनं दिलं. एवढंसं वजन. ईश्वरीला आपण काय बोलायला आलोय तेच आठवेना. तिनं नुसतं बघितलं. कपाळ, भुवया, मुठी, कान. बाळाला उचकी लागली, ते दचकलं, आणि त्यानं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनंच लावली.

"आबांनी सांगितला पत्ता?" वहिनी म्हणाली.

"नाही."

"मग?"

"आवाजावरून काढला."

"कसला आवाज?"

ईश्वरीनं मान खाली घातली, बाळाकडं. वहिनीला कळायला वेळ लागला नाही. "टाकलास?"

"तोंड नव्हतं दाखवलं वहिनी. नाव पण नाही. मी सगळा ऐकून मग—"

वहिनीनं बाळ परत घेतलं. हिसकावलं नाही. लहान पोराच्या हातातून गरम भांडं काढून घ्यावं तसं, हळू.

निरोप गेला तसा दादा जिनिंगमधून धावत आला. केसांत, भुवयांत कापूस, एकदम म्हातारा झाल्यासारखा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिनंही उलट ओरडून घेतलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "कुठवर आलेत?"

तिनं फोन पुढं केला. "ढाब्यावर बसलेत. शेवभाजी सांगितलीय."

फोटो बघून एवढ्यातसुद्धा दादाच्या नाकातून हसू सुटलं. "भाऊंचं ताट बघ. दोन पापड." मग हसू गेलं आणि तो गोधड्या बांधायला लागला.

संसार फार नव्हता. कापूस आणणारा एक टेम्पो रिकामा परत चालला होता, त्याच्यात सगळं बसलं. बाळाची झोळी तेवढी आढ्याला राहिली. गाठ सुटेना, आणि वेळ नव्हता.

"मी येऊ तुमच्याबरोबर?" ईश्वरी म्हणाली. "फोन इथंच फेकते."

दादा तिच्याकडं बघत राहिला. "प्रश्न फोनाचा नाही ग ईशे."

तिनं फोन बंद केला.

"कुठं जाणार ते सांगू नको," मग ती म्हणाली. "मी इथंच थांबते. खोलीत कुणीतरी दिसलं की ते आत बसतील, विचारत राहतील. लगेच बाहेर पडणार नाहीत."

"आबांना सांग, मी आता स्टँडवर येत नाही. वाट बघत थांबू नका म्हणावं. गाडीला उशीर होतो त्यांच्या."

टेम्पो गेला. वहिनीनं मागं वळून बघितलं नाही, तिच्या मांडीवर बाळ होतं. ईश्वरी आत आली, दार लावलं, ट्यूब लावली आणि झोळीखाली बसली. ऐकून बघितलं. कितीतरी वेळ काही नाही. मग, ऐकायचंच म्हणून ऐकल्यावर, बारीक, न थांबणारी, भिंतीतून आल्यासारखी गुणगुण.

काळ्या गाड्या आल्या तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. पोरं फोन वर धरूनच आत शिरली. संग्रामभाऊनं झोळी बघितली, चूल बघितली, मग तिला बघितलं.

"कुठायत?"

"माहीत नाही."

"आत्या तू. तुला माहीत नाही?"

"नाही."

"ए, ठेवा रे ते फोन खाली," तो पोरांवर खेकसला. हरलेलं दाखवायला त्याला कधी आवडत नसे. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "ईश्वरी, मी हात उचलत नाही पोरींवर. पण तुझा बाप रोज गाडी घेऊन रस्त्यावर असतो."

पण सांगायला खरंच काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या पोटात काही नव्हतं. "कापा मला," ती म्हणाली. "मेल्यावर पण माहीत नसेल. विचारलंच नाही मी. मुद्दाम नाही विचारलं."

तो तिच्या तोंडाकडं बघत बसला. खोटं त्याला लगेच कळायचं, त्याचा धंदाच तो होता. पोरं शेजारणीकडं विचारायला गेली. टेम्पो कुणाचा, ते तिला माहीत नव्हतं, नाहीतर सांगायचं नव्हतं. खोलीत दोघंच राहिली. संग्रामभाऊनं झोळीला बोट लावलं. ती हलली. त्यानं ती धरून थांबवली.

"बघितलंस तू तिला?"

"बघितलं."

"कुणावर गेलीय?"

असं विचारताना तो वेगळाच दिसला. फ्लेक्सवर लावता येणार नाही असा. क्षणभर ईश्वरीच्या अगदी ओठांवर आलं. सांगण्यासारखं होतं, आणि सांगायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

"नीट नाही बघितलं," ती म्हणाली.

तो उठला. जाताना ट्यूब बंद करून गेला, आपल्या घरातली करावी तशी.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा आबा उंबऱ्यात लसूण सोलत बसले होते. चाचांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. तिनं उभ्यानंच निरोप सांगितला. दादा आता स्टँडवर येणार नाही. वाट बघत थांबू नका म्हणाला.

आबांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "सुखरूप निघाले?"

"हो."

"तुझ्यामुळं निघाले," आबा म्हणाले. आणि ती पाकळी सोलून झाल्यावर, "तुझ्यामुळंच."

त्यातलं कुठलं कुठल्यासाठी, ते त्यांनी फोडून सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दोघं जेवायला बसली. आबांच्या गाडीचा मार्ग तोच राहणार होता, ते स्टँडही तिथंच राहणार होतं, चहाचा गाडाही. त्यामागं कुणी नसणार होतं, एवढंच. ताटात हात धुवून आबा उठले. त्यांनी आपला फोन घेतला, तिचा घेतला, दोन्ही बाहेर ओट्यावर ठेवून वर घमेलं पालथं घातलं. आत येऊन त्यांनी दार लावलं आणि मेन स्विच खाली ओढला.

फ्रिज एक उसासा टाकून थांबला. पंखा सावकाश फिरत फिरत उभा राहिला. घर इतकं गप्प झालेलं ईश्वरीनं कधी ऐकलं नव्हतं. खिडकीतून दिवेलागणीचा राखाडी उजेड येत होता, त्यात आबांचं तोंडही नीट दिसत नव्हतं.

"आता सांग," आबा म्हणाले. "कुणावर गेलीय?"

तिनं हळूहळू सांगितलं. रंग वहिनीचा. कपाळ आईचं, अगदी आईचं. मूठ वळते ती अंगठा आत घालून. आणि ती थांबली.

"अजून?"

"कान संग्रामचे आलेत, आबा."

शेजारच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला, परत कमी केला.

"असू देत," ते म्हणाले. "ऐकू येतंय ना नीट?"

"येतं. उचकीला दचकते."

"मग बास."

मेन स्विच वर करायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.